बाळंतिणीजवळ कोण बसणार?



एप्रिल म्हणजे आपल्या वस्त्यावस्त्यांतून जयंतीची धामधूम. ११ एप्रिलला जोतिराव फुल्यांची जयंती, १४ एप्रिलला बाबासाहेबांची. निळे झेंडे, वर्गणीची पावतीपुस्तके आणि पोराबाळांच्या भाषणांची तयारी यांतच आपला आठवडा निघून जातो. नेमक्या याच दिवसांत, ११ ते १७ एप्रिल, तिकडे अमेरिकेत कृष्णवर्णीय समाज एक सप्ताह पाळतो. त्याचे नाव 'कृष्णवर्णीय माता आरोग्य सप्ताह'. ब्लॅक मामाज मॅटर अलायन्स या संघटनेने तो २०१८ साली सुरू केला. तारखा जुळल्या हा योगायोग. परंतु जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले होते, हा काही योगायोग नव्हे. तेव्हा त्या समाजाच्या लेकीबाळींचे आज काय चालले आहे, हे आपल्या कुटुंबाच्या पानावर सांगणे आम्हाला आवश्यक वाटते.

दिवसभर कचेरीत आकड्यांच्या रकान्यांत राहणारे आम्ही, म्हणून आधी आकडे देतो. अमेरिकेच्या सरकारी नोंदीप्रमाणे २०२३ साली दर एक लाख जन्मांमागे १४.५ गोऱ्या माता मरण पावल्या. कृष्णवर्णीय मातांचा आकडा होता ५०.३. म्हणजे तिपटीहून अधिक! देश तोच, औषधे तीच, यंत्रे तीच. मग हा फरक कोठून आला?

कोणी म्हणेल, गरिबी आणि अज्ञान. पण तेवढ्याने हिशेब जुळत नाही. २००७ ते २०१६ या दहा वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यात असे दिसले, की कॉलेजची पदवी घेतलेल्या कृष्णवर्णीय बाईला बाळंतपणात मरणाचा धोका हायस्कूलही पूर्ण न केलेल्या गोऱ्या बाईपेक्षा दीडपटीहून जास्त आहे. म्हणजे शिकून, नोकरी करून, चांगल्या वस्तीत घर घेऊनही ही गोष्ट पाठ सोडत नाही.

दोन उदाहरणे पाहा. सेरेना विल्यम्स हे नाव टेनिस पाहणाऱ्या आपल्या मुलांना ठाऊक आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये तिला सिझेरियनने मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी तिला श्वास घेता येईना. फुप्फुसात रक्ताच्या गाठी होण्याचा त्रास तिला पूर्वी झालेला होता. म्हणून तिने स्वतःच नर्सला सांगितले, की माझे सीटी स्कॅन करा आणि रक्त पातळ करणारे औषध द्या. नर्सला वाटले, दुखण्यावरच्या औषधाने बाई गोंधळली आहे. आधी पायांची तपासणी झाली. अखेर स्कॅन केले तेव्हा फुप्फुसात गाठी निघाल्याच! ही हकिकत सेरेनानेच २०१८ साली एका मासिकात सांगितली. ती वाचली, कारण तिने हट्ट सोडला नाही.

डॉ. शॅलन आयर्व्हिंग मात्र वाचल्या नाहीत. अमेरिकेच्या रोगप्रतिबंधक केंद्रात त्या रोगाच्या साथींचा अभ्यास करीत. माणसामाणसांतील आरोग्याची विषमता हाच त्यांचा विषय. जानेवारी २०१७ मध्ये त्यांना मुलगी झाली. पुढच्या तीन आठवड्यांत रक्तदाब वाढला, पाय सुजला, त्या पुन्हा पुन्हा दवाखान्यात गेल्या आणि पुन्हा पुन्हा घरी परत आल्या. त्याच महिन्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे ३६ वर्षे.

दोघींचे दुखणे वेगवेगळे होते. परंतु दोघीही आपल्या तोंडाने सांगत होत्या, की आम्हाला बरे वाटत नाही. ते पुरते ऐकले गेले नाही.

हे न ऐकणे जुने आहे

हे न ऐकणे गुलामगिरीच्या काळापासून चालत आले आहे. १८४० च्या दशकात अलाबामा राज्यात जे. मॅरियन सिम्स नावाच्या डॉक्टरने गुलाम स्त्रियांवर, भूल न देता, शस्त्रक्रियेचे प्रयोग केले. त्यांतील तिघींची नावे तेवढी शिल्लक आहेत. अनार्का, बेट्सी आणि ल्यूसी. त्या डॉक्टरला 'स्त्रीरोगशास्त्राचा जनक' म्हणून न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये पुतळा मिळाला. लोकांनी आवाज उठवला, तेव्हा तो एप्रिल २०१८ मध्ये हलवण्यात आला. पुढे २०२१ साली अलाबामातील मॉन्टगोमेरी शहरात त्या तिघी स्त्रियांचे स्मारक उभे राहिले.

पुतळा गेला, पण समजुती गेल्या का? २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि शिकाऊ डॉक्टरांना काही प्रश्न विचारले. त्यांच्यापैकी निम्म्यांनी एक तरी खुळी समजूत खरी मानली. उदाहरणार्थ, काळ्या माणसाची कातडी जाड असते! असे ज्याच्या डोक्यात बसले आहे, तो बाळंतिणीचे कण्हणे किती मनावर घेणार?

आपल्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत दिली आहे. त्याचे पत्र डिसेंबर १९२९ मध्ये 'यंग इंडिया'त छापून आले होते. त्याची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांत आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. फी घेऊन आला, तोही वस्तीबाहेर. त्या ओल्या बाळंतिणीला बाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला दिला. हात न लावताच रोगाचे नाव सांगून डॉक्टर गेला, पुन्हा यायला नकार दिला, आणि ती बाई मेली. अमेरिकेतल्या दवाखान्यात आज हात लावतात. पण बाईच्या शब्दाला हात लावत नाहीत. दोन्हीकडे मरते ती बाळंतीणच.

सुईणींचे राज्य आणि त्याचा अंत

मग या समाजाने काय केले? पूर्वी त्यांच्या स्वतःच्या सुईणी होत्या. १९०० च्या सुमारास अमेरिकेतील निम्मी बाळंतपणे सुईणीच करीत. दक्षिणेत कृष्णवर्णीय वस्तीत तर तिच्यावाचून दुसरे कोणी नव्हतेच, कारण गोऱ्यांच्या इस्पितळात त्यांना जागा नसे. साउथ कॅरोलिनातील मॉड कॅलन या नर्स-सुईणीवर डिसेंबर १९५१ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाने छायाचित्रांसह मोठा लेख छापला. चिखलातून मोटार हाकत ती खेडोपाडी बाळंतपणे करी. लेख वाचून वाचकांनी आपणहून वर्गणी पाठवली आणि १९५३ साली तिच्यासाठी दवाखाना उभा राहिला. साप्ताहिकाचे वाचक काय करू शकतात, याचा हा दाखला आमच्या मनात घर करून आहे.

परंतु एकीकडे १९६० च्या दशकात इस्पितळांची दारे उघडली आणि दुसरीकडे सुईणींचे परवाने काढून घेतले गेले. अलाबामाने १९७६ साली तसा कायदाच केला. मार्गारेट चार्ल्स स्मिथ या सुईणीने त्या राज्यात सुमारे साडेतीन हजार बाळंतपणे केली होती. इस्पितळ मिळाले हे चांगलेच झाले. रक्तस्राव थांबवायला रक्त लागते, सिझेरियनला ऑपरेशन थिएटर लागते. पण इस्पितळात गेलेल्या बाईजवळ तिचे ओळखीचे, तिच्या बाजूने बोलणारे माणूस मात्र राहिले नाही.

डूला म्हणजे कोण?

ती जागा आता डूला भरून काढू लागल्या आहेत. शब्द ग्रीक आहे, मूळ अर्थ दासी. आज अर्थ बदलला आहे. डूला डॉक्टर नव्हे, नर्स नव्हे, सुईणही नव्हे. ती प्रशिक्षण घेतलेली सोबतीण. पोटुशी असताना घरी येते, कळांच्या वेळी शेजारी थांबते, बाळंत झाल्यावर अंगावर पाजायला मदत करते, बाळंतिणीने खाल्ले का, झोपली का हे पाहते. आणि मुख्य म्हणजे डॉक्टर घाईत असला, तर थांबवून सांगते, "ही काय म्हणते ते ऐकून घ्या."

याचा उपयोग होतो का? होतो. २०१७ साली १७ देशांतील १५ हजारांहून अधिक बायकांवर झालेल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. कळांच्या वेळी अखंड सोबत मिळालेल्या बायकांत सिझेरियन कमी झाले आणि कळांचा काळही कमी झाला. ज्या न्यूयॉर्क शहरात बाबासाहेब १९१३ ते १९१६ शिकले, त्याच शहराच्या आरोग्य खात्याने २०१० पासून ब्रुकलिनच्या वस्त्यांतील गरोदर बायकांना फुकट डूला देण्याचा कार्यक्रम चालवला. फ्लोरिडात इंग्लंडहून आलेल्या जेनी जोसेफ या कृष्णवर्णीय सुईणीने असे केंद्र काढले, की तेथे पैसे नाहीत म्हणून कोणाही गरोदर बाईला परत पाठवले जात नाही.

आपल्याच समाजातली डूला का हवी, हे एका गोष्टीवरून कळेल. गुलामगिरीत आयांना आपले लेकरू उपाशी ठेवून मालकिणीचे लेकरू अंगावर पाजावे लागे. त्याची सल पिढ्यान्‌पिढ्या उरली. म्हणून २०१३ पासून ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात कृष्णवर्णीय स्त्रिया स्तनपानाचा स्वतःचा सप्ताह पाळतात. हे दुखणे ज्या बाईला सांगावे लागत नाही, तीच ते हळुवारपणे हाताळू शकते.

येथे एक गोष्ट आम्ही स्पष्ट सांगतो. आपल्या समाजाची सोबत म्हणजे आपल्या समाजाच्या अंधश्रद्धा नव्हेत. तिकडच्या जुन्या सुईणी कळा कापल्या जाव्यात म्हणून गादीखाली कुऱ्हाड किंवा सुरी ठेवीत. आपल्याकडे बाळाच्या उशाशी विळा, कोयता ठेवतात. लोखंडाने कळ कमी होत नाही आणि बाधाही टळत नाही. पण महिनाभर बाळंतिणीला कामाला न लावणे, ऊन ऊन खायला घालणे, अनुभवी बाईने अंग चोळून देणे, यात शहाणपण होते. आपल्या सव्वा महिन्यात ते आहे आणि लॅटिन अमेरिकेतील स्त्रियांच्या चाळीस दिवसांच्या विसाव्यातही आहे. पारखून घ्यावे, बाकीचे सोडावे.

सगळा भार सोबतिणीवर नको

डूलाने सगळे सुटेल असेही नाही. तिचा मोबदला तुटपुंजा असतो. गरिबांच्या सरकारी विमा योजनेतून, म्हणजे मेडिकेडमधून, तो द्यायला ओरेगॉन आणि मिनेसोटा या राज्यांनी आधी सुरुवात केली, कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२३ मध्ये. आणखी एक मागणी संघटनांनी लावून धरली. या विम्याने बाळंतिणीला ६० दिवसच संरक्षण मिळे. २०२१ च्या कायद्याने ते वर्षभर देण्याची वाट मोकळी झाली आणि बहुतेक राज्यांनी ती स्वीकारली. याचे महत्त्व ध्यानात घ्या. २०१७ ते २०१९ च्या तपासणीत असे आढळले, की बाळंतपणाशी निगडित मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू बाळंतपणानंतर सात दिवस ते एक वर्ष या काळात झाले, आणि पाचांपैकी चारांहून अधिक टाळता येण्याजोगे होते.

पगारी रजेत मात्र एवढा श्रीमंत देश मागेच आहे. १९९३ च्या कायद्याने तेथे बारा आठवड्यांची रजा मिळते, पण बिनपगारी, आणि तीही सगळ्यांना नाही. मुंबई विधिमंडळात १९२८ साली बाळंतपणाच्या सवलतीच्या बिलाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला होता, हे येथे अभिमानाने आठवते. आपल्या देशात २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा आली. पण शेतावरच्या, बांधकामावरच्या, धुणीभांडी करणाऱ्या बहिणींच्या पदरात ती पडत नाही, हेही विसरू नये.

हे कापून भिंतीवर लावा

अमेरिकेत २०२० साली 'तिचे ऐका' अशी सरकारी मोहीम सुरू झाली. तिने दिलेली धोक्याची लक्षणे कोणत्याही देशातील बाळंतिणीला लागू आहेत.

न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चक्कर किंवा बेशुद्धी. चेहरा किंवा हात फार सुजणे. दम लागणे, छातीत दुखणे किंवा धडधडणे. एका पायाला सूज, लाली आणि दुखणे. तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव. १००.४ अंश किंवा अधिक ताप. पोटात असह्य कळ. स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असे विचार मनात येणे. पोटुशी असताना बाळाची हालचाल थांबणे.

यांतले काहीही दिसले, तर सकाळची वाट पाहू नका. आपल्याकडे १०८ ला फोन करा. दवाखान्यात गेल्यावर पहिले वाक्य हे सांगा, "ही गरोदर आहे," किंवा "हिला बाळंत होऊन इतके दिवस झाले." सोबत एक माणूस जाऊ द्या. तो नवरा असो, सासू असो वा शेजारीण, पण बोलणारा असावा. कोणी "काही नाही, घरी जा" म्हटले, तर रक्तदाब किती आहे ते विचारा आणि कागदावर लिहून मागा.

आणि घरातल्या पुरुषांना, सासवांना विनंती. बाळाला पाहायला सगळे येतात, टोपरी-झबली आणतात, नाव काय ठेवायचे यावर वाद घालतात. बाजूला पडलेल्या बाईला "तुला कसे वाटते गं?" हे रोज एकदा तरी विचारा, आणि ती सांगेल ते खरे माना. सेरेना विल्यम्सने आपला शब्द रेटून नेला. आपली सून पहिलटकरीण आहे, लाजते, घाबरते. तिचा शब्द आपल्यालाच रेटावा लागेल.

जयभीम!