कठीण पुस्तक कोणासाठी कठीण?

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पदवी हातात आल्यावर एखादी जाड कादंबरी वाचायचा प्रयत्न केलेला असतो. चाळीस-पन्नास पानं होतात, पात्रांची नावं एकमेकांत मिसळतात, पुस्तक उशाशी पडून राहतं. मग आपण मनाशी म्हणतो, हे आपल्याला झेपणारं नाही. पुस्तक सोडलं यात काही बिघडत नाही. पण त्याबरोबर आपण स्वतःच्या बुद्धीबद्दल जो निकाल देऊन टाकतो, तो मला मान्य नाही. शाळा-कॉलेजात 'मेरिट' या शब्दाआडून जे आपल्याला ऐकवलं गेलं, तेच आपण स्वतःच्या तोंडानं पुन्हा म्हणत असतो.

नोकरीच्या निमित्तानं मी बंगळुरूत राहतो. इथं बसवनगुडीत आम्ही आठ-नऊ जण दर रविवारी एक कादंबरी मिळून वाचतोय. कुवेंपूंची 'मलेगळल्ली मदुमगळु', म्हणजे 'डोंगररानातली नवरी'. 1967 साली आलेली ही कादंबरी कन्नडमधल्या सर्वांत मोठ्या आणि गुंतागुंतीच्या कादंबऱ्यांपैकी एक मानली जाते. ठळक असा एक नायक नाही, कथानकाला सरळ रेषा नाही, मलनाडच्या जंगलातली घरं, वाटा, माणसं आणि जनावरं एकमेकांत गुंतलेली. गटातले कन्नड मित्र मूळ पुस्तकातून मोठ्यानं वाचतात, आम्ही बाकीचे वनमाला विश्वनाथ यांचा इंग्रजी अनुवाद समोर धरून बसतो. कुणी कलबुर्गीचं, कुणी चामराजनगरचं, मी मराठवाड्याचा. बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर.

बसवनगुडीचं नाव मुद्दाम घेतलं. 1898 च्या प्लेगनंतर जुन्या शहराबाहेर वसवलेला हा भाग बंगळुरूच्या ब्राह्मण मध्यमवर्गाचं घर म्हणून ओळखला जातो. इथं वाचनाच्या सोयी किती आहेत बघा. बी. पी. वाडियांनी 1945 मध्ये सुरू केलेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ वर्ल्ड कल्चर आणि तिचं ग्रंथालय, त्याच वर्षी डी. व्ही. गुंडप्पांनी उभी केलेली गोखले सार्वजनिक विचार संस्था, नॅशनल कॉलेज, गांधी बाजारातली पुस्तकांची दुकानं. आणि याच्याही आधीपासून चालत आलेली गमकाची परंपरा. गमक म्हणजे जुनं कन्नड काव्य जमलेल्या लोकांसमोर वाचणं. एक जण रागात वाचतो, दुसरा शेजारी बसून अर्थ उलगडतो, बाकीचे ऐकतात. कुमारव्यासाचं महाभारत लोकांपर्यंत असंच पोहोचलं.

यातून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ज्यांना आपण 'वाचणारा समाज' म्हणतो, त्यांनीही कठीण पुस्तकं कधी एकट्यानं वाचली नाहीत. त्यांच्याकडे वाचून दाखवणारा होता, अर्थ सांगणारा होता, आणि ऐकायला फुरसत होती. आपल्याकडच्या वाड्यांमधले पुराणिक आणि पोथ्या आठवा. पुढं पोथीची जागा कादंबरीनं घेतली आणि अर्थ सांगणाऱ्याची जागा प्राध्यापक काकांनी किंवा मोठ्या बहिणीनं. त्या घरातलं पोर वयाच्या विसाव्या वर्षी सातशे पानांचं पुस्तक हातात घेतं, तेव्हा त्याच्या मागं चार माणसं उभी असतात. ती दिसत नाहीत म्हणून आपल्याला ते पोर हुशार वाटतं. आपण तेच पुस्तक घेतो तेव्हा मागं कुणी नसतं. कष्टानं शिकवणारे आईबाप असतात, पण पान 47 वर अडलं तर विचारायचं कुणाला?

पण एकत्र वाचन आपल्यालाही नवीन नाही. 1920 मध्ये 'मूकनायक' निघाला तेव्हा आपल्या समाजात वाचता येणारे किती होते? वस्तीत एक जण वाचायचा आणि बाकीचे भोवती बसून ऐकायचे. आजही आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, महाराष्ट्रातल्या विहाराविहारांत 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन होतं. हा ग्रंथ सोपा नाही. आठ खंड, त्यात इतिहास, तत्त्वज्ञान, वादविवाद सगळं. तरी धुणीभांडी करून आलेल्या आया-मावश्या, रिक्षा लावून आलेले भाऊ, दहावीची पोरं तो ऐकतात, मध्येच थांबवून विचारतात, पुढच्या वर्षी पुन्हा ऐकतात. हा देशातला मोठा वाचन गट आहे. त्याला आपण वाचन गट म्हणत नाही, कारण तो शब्द आपण कॉफी शॉपमधल्या लोकांना देऊन टाकलाय.

आता कठीणपणाबद्दल. देवनूर महादेव यांची 'कुसुमबाले' ही कादंबरी 1984 ची. आकारानं लहान, पण नंजनगूड भागातल्या बोलीत लिहिलेली. शहरातल्या शिकल्यासवरलेल्या कन्नड वाचकांनाही ती दुर्बोध वाटते. 1990 मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तरी ती कठीण असल्याची ख्याती तशीच राहिली. आमच्या गटातल्या चामराजनगरच्या मित्राला मात्र तिची बोली अडत नाही. ती त्याच्या आजीची भाषा आहे. म्हणजे तेच पुस्तक एकाला भिंत वाटतं आणि दुसऱ्याला घराचं दार. प्रमाणभाषेत वाढलेल्यांना बोली अडली की आपण 'भाषेचा प्रयोग' म्हणतो, आपल्याला त्यांची संस्कृतप्रचुर भाषा अडली की आपण 'कमी पडलो' म्हणतो. या दोन मापांचा हिशेब कधीतरी करायला हवा.

कर्नाटकात तो झाला होता. 1973 मध्ये म्हैसूरला एका भाषणात दलित मंत्री बी. बसवलिंगप्पा यांनी कन्नड साहित्यातला बराचसा भाग 'बूसा', म्हणजे जनावरांचा कोंडा, आहे असं म्हटलं. राज्यभर दंगा झाला, दलित विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, बसवलिंगप्पांना मंत्रिपद सोडावं लागलं. त्याच खळबळीतून दलित संघर्ष समिती उभी राहिली आणि महादेव, सिद्धलिंगय्या यांची पिढी पुढं आली. साहित्याला कोंडा म्हणणाऱ्याच्या बाजूनं उभी राहिलेली ही पोरं पुढं स्वतः त्या भाषेचे मोठे लेखक झाली. वाचायचं कशाला, असं त्यांनी म्हटलं नाही. काय वाचायचं आणि त्याचा अर्थ कोण लावणार, हा हक्क त्यांनी मागितला.

मला मोठ्या कादंबरीत रस आहे तो याच हक्कासाठी. 'मदुमगळु'मध्ये गुत्ती नावाचा होलेय जातीचा तरुण आहे, सोबत त्याचा हुलिया नावाचा कुत्रा. तिम्मीला पळवून नेण्यासाठी तो रानावनातून धावतो. या भागाबद्दल निसर्ग, प्रेम, साहस असं खूप बोललं जातं, आणि ते खोटं नाही. पण आमच्या रविवारी पहिला प्रश्न वेगळाच निघाला: हा गुत्ती कुणाचा गडी आहे, आणि त्याला इतका वेळ बाहेर राहायची परवानगी कुणी दिली? गुत्ती जमीनदाराकडं बांधलेला आहे. तिम्मीचं लग्न कुणाशी लागावं हेही तिच्या मालकाच्या मर्जीवर आहे. माझे आजोबा सालगडी होते. मालकाच्या कामानं गावोगाव निरोप घेऊन जाणं आणि त्याच वाटेवर स्वतःचं काम उरकणं म्हणजे काय, हे मला तळटीप वाचून कळायची गरज नव्हती. त्या दिवशी गटात मीच अर्थ सांगणारा होतो.

आमचे वादही होतात. कुवेंपू शूद्र शेतकरी जातीत जन्मले, त्यांनी पुरोहितशाहीवर आयुष्यभर टीका केली, ते आपले आहेतच. तरीही जमीनदार गौडांच्या घरात कादंबरी जितकी आतवर शिरते, तितकी होलेयांच्या झोपडीत शिरते का? गटातल्या एका मैत्रिणीचं म्हणणं, नाही शिरत. दुसरा म्हणतो, 1967 मध्ये गुत्तीपासून कादंबरी सुरू करणं हीच मोठी गोष्ट. आमचं अजून एकमत झालेलं नाही. एकट्यानं वाचलं असतं तर हा प्रश्न मला सुचला असता की नाही, शंका आहे.

चळवळीतले काही जण विचारतील, कादंबऱ्या वाचायला वेळ कुणाला आहे? स्पर्धा परीक्षा आहेत, हप्ते आहेत, अत्याचाराच्या केसेस आहेत. प्रश्न रास्त आहे. फुरसत ही या देशात जातीनं वाटलेली गोष्ट आहे आणि जाड कादंबरी फुरसतच मागते. पण म्हणूनच ती एकट्याच्या वेळातून काढता येत नाही, आठवड्याचे दोन तास सगळ्यांनी मिळून राखून ठेवावे लागतात. 1936 च्या 'जातिनिर्मूलना'त आदर्श समाजाबद्दल लिहिताना बाबासाहेबांनी म्हटलं आहे की, समाजाच्या एका भागात होणारा बदल दुसऱ्या भागापर्यंत नेणाऱ्या अनेक वाटा असल्या पाहिजेत. वेगवेगळ्या जातींतली, भाषांतली माणसं एकाच पानावर थांबून भांडतात, तेव्हा अशी एक वाट तयार होते. आणि लांबीला आपण घाबरावं असं काही नाही. याच कादंबरीचं नाटक 2010 मध्ये म्हैसूरच्या रंगायणनं सी. बसवलिंगय्या यांच्या दिग्दर्शनाखाली केलं. प्रयोग रात्रभर चालायचा आणि लोक बसून राहायचे. जलसे आणि तमाशे पहाटेपर्यंत बघणाऱ्यांच्या नातवंडांना हे सांगायला नको.

ज्यांना असा गट सुरू करायचा आहे त्यांच्यासाठी आमच्या अनुभवातल्या चार गोष्टी. एक, मोठ्यानं वाचा, आळीपाळीनं, दर वेळी वीस-पंचवीस पानं. ज्यानं घरी वाचलेलं नाही त्यालाही बसता आलं पाहिजे. दोन, 'समजलं का?' असं कुणी कुणाला विचारायचं नाही. 'कुठं अडलं?' असं विचारायचं, आणि जो सर्वांत आधी अडलं म्हणेल त्याच्यापासून बोलणं सुरू करायचं. तीन, पात्रांची नावं, नाती आणि अनोळखी शब्द एका वहीत लिहीत जा. ती वही सगळ्यांची. चार, फ्रेंच-जर्मन विचारवंतांची नावं घेऊन दुसऱ्याला गप्प करणाऱ्याला एकदा प्रेमानं सांगा, दुसऱ्यांदा स्पष्ट सांगा.

गावाकडं तर जागा शोधायचीही गरज नाही. अश्विन पौर्णिमेला ग्रंथवाचनाची समाप्ती होते, खीरदान होतं, विहारातल्या चटया गुंडाळून ठेवल्या जातात. माणसं जमलेली असतात, ऐकायची सवय लागलेली असते, संध्याकाळची वेळही ठरलेली असते. पुढच्या रविवारी त्याच चटया पुन्हा अंथरा. सुरुवातीला अण्णा भाऊंची 'फकिरा' घ्या, ती लवकर संपेल आणि हुरूप येईल. मग नेमाड्यांची 'हिंदू' घ्या. तिच्याशी आपलं बरंच भांडण आहे, आणि ते भांडायचं तर आधी ती शेवटच्या पानापर्यंत वाचावी लागेल. वर्ष लागलं तरी चालेल.

जय भीम.