घरची कविता, पाहुणा गळा

सिंथचा लांबलचक सूर, त्यामागे पाऊस किंवा रातकिडे, तबल्याला रजा आणि गायला बाहेरगावचा पाहुणा गळा. कवितेला चाल लावण्याची ही रीत आता नांदेड-लातूरच्या घरगुती स्टुडिओंतही रुजू पाहते आहे. आमचा तिला विरोध नाही. मुक्तछंदाला तर ती सोयीचीच. ठेक्याची सक्ती नसली की ओळीला अर्थाप्रमाणे थांबता येतं. तक्रार एकच आहे: एवढ्या सगळ्यात कविता ऐकू येत नाही.

पाहुणा गळा आपल्याला नवा नाही. वा. रा. कांत मूळचे नांदेडचे. त्यांच्या ‘बगळ्यांची माळ फुले’ या कवितेला चाल दिली बडोद्यात वाढलेल्या श्रीनिवास खळ्यांनी आणि गायले वसंतराव देशपांडे, ख्याल आणि नाट्यसंगीत कोळून प्यालेले वैदर्भीय. भावगीतासाठी असा गवई बोलावायचा म्हणजे धाडसच. चाल अवघड, हरकती बारीक, तरी एक शब्द निसटत नाही. वातावरण त्या गाण्यातही आहे, पण ते चालीतूनच आलेलं आहे. मागाहून फवारलेलं नाही. यशवंत देवांचं ‘शब्दप्रधान गायकी’ हे पुस्तक गायकांइतकंच मिक्सिंग करणाऱ्यांनीही वाचावं, असं आम्हाला वाटतं.

रिव्हर्ब वाढवला की आधी व्यंजनं बुडतात, स्वर तेवढे तरंगत राहतात. म्हणून आवाजावर थोडा प्री-डिले ठेवा, आणि गायन सुरू असेल तेवढा वेळ पॅडचा दोन ते चार किलोहर्ट्‌झचा पट्टा खाली आणा. शक्य असेल तर गळा आधी मुद्रित करा, वातावरण नंतर रचा. पाहुण्याला ट्रॅक पाठवण्यापूर्वी कवीच्या आवाजातलं वाचन पाठवा. हिंदी गाण्यांवर तयार झालेला गायक ‘चंद्र’ नीट म्हणतो, पण ‘चांदणं’ही त्याच ‘च’ने म्हणून बसतो. आपल्याकडच्या श्रोत्याला ते लगेच खटकतं, आणि सूर सुधारणारं कोणतंही सॉफ्टवेअर तो ‘च’ दुरुस्त करून देत नाही.

राहिला परवानगीचा प्रश्न. ‘कवितेचा प्रचारच करतोय की’ हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही. कवीच्या निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क वारसांकडे राहतो. कांत 1991 मध्ये गेले. म्हणजे 2051 अखेरपर्यंत लेखी परवानगी हवी, आणि मानधनाचं बोलणं मुद्रणाआधी व्हायला हवं. हयात कवींच्या बाबतीत तर हे सांगायलाही नको. परभणीचे बी. रघुनाथ मात्र 1953 मध्ये गेले. त्यांच्या हयातीत छापून आलेल्या कविता 1 जानेवारी 2014 पासून सर्वांना खुल्या आहेत. ज्यांना हात बसवायचा आहे, त्यांनी तिथून सुरुवात करावी.