गडमाथा आणि गडाखालची वाडी

ज्येष्ठ सरत आला, सह्याद्रीच्या माथ्यावर ढग टेकू लागले की पुण्या-मुंबईच्या तरुणाईची पावले गडकोटांकडे वळतात. शुक्रवारी रात्री दादरला किंवा शनिवारी भल्या पहाटे स्वारगेटला पाठीवर पिशव्या अडकवलेले युवकांचे गट दिसतात. त्यांत मुलींची संख्याही आता लक्षणीय असते. ‘या पिढीला घाम गाळणे ठाऊक नाही’ हा घरोघरीच्या ज्येष्ठांचा आवडता आक्षेप या एका दृश्याने खोटा ठरतो.

गडांवर चालणारे मद्यपान, धिंगाणा आणि तटबंदीवर कोरली जाणारी नावे यांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. ते लिहिणे आवश्यक आहे, आणि सोपेही. परंतु जे युवक गट यांतले काहीही करीत नाहीत, दरवाजात नतमस्तक होतात, इतरांनी टाकलेला कचरा गोळा करून खाली आणतात, त्यांच्याही हातून एक गोष्ट सातत्याने निसटते आहे. गड त्यांना दिसतो. गडाखालची वाडी दिसत नाही.

राजगडाचे उदाहरण घ्यावे. पहाटे पुणे सोडायचे, गुंजवण्यात गाडी लावायची आणि चोरदरवाजाच्या खड्या वाटेने पद्मावती माचीवर पोहोचायचे. मग देवीचे दर्शन, तळे, बालेकिल्ल्याची अंगावर येणारी चढण, सुवेळा माचीचे नेढे, संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी. रायगड राजधानी होण्यापूर्वी स्वराज्याचा कारभार पाव शतकाच्या आसपास जिथून चालला, आग्र्याहून सुटून आलेले महाराज १६६६ साली जिथे परतले, जिथे सईबाईसाहेबांनी देह ठेवला आणि राजाराम महाराजांचा जन्म झाला, तो हा गड. त्याच्या तिन्ही माच्या आणि बालेकिल्ला एका दिवसात उरकायचे म्हटले म्हणजे धावावेच लागते. संध्याकाळी उतरलेला गट पिठले-भाकरी खाऊन, पैसे चुकते करून परततो. ज्या माउलीने चुलीपुढे बसून चाळीस जणांच्या भाकऱ्या थापल्या, तिचे नाव त्यांतील एकालाही ठाऊक नसते. पुढच्या शनिवारी दुसरा गड, त्यानंतर तिसरा. किती गड ‘झाले’ याची मोजदाद मात्र चोख ठेवलेली असते.

ज्या काळाचे स्मरण म्हणून ही मुले गड चढतात, त्या काळात गड आणि वाडी अशी फारकत नव्हती. गडाभोवतीचा रानाचा आणि वस्तीचा पट्टा म्हणजे घेरा. घेरा पुरंदर, घेरा सिंहगड ही गावांची नावे आजही कायम आहेत. चढणीच्या वाटांवर मेटे असत आणि तेथे राबत्या पहाऱ्याची माणसे राहत. अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांविषयी जे सांगितले आहे, त्यात तोफा आणि तटबंदीइतकीच पाण्याची, झाडाझुडपांची आणि माणसांची चिंता आहे. गड लढत असे तो खालच्या वस्तीच्या बळावर. तीच माणसे आज कोठे ठाकरवाडी, कोठे कोळीवाडा, कोठे धनगरवाडा म्हणून कड्याच्या कुशीत राहत आहेत, आणि आपल्या इतिहासप्रेमात त्यांची जागा मात्र चहा आणि जेवण पुरविणाऱ्यांची उरली आहे.

या वाड्यांचे जगणे किती निसरड्या आधारावर उभे आहे, हे महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत पुनःपुन्हा पाहिले. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण डोंगराखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळली. तेथे ऐंशीहून अधिक जणांचा बळी गेला. आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी. सुमारे सव्वादोनशे वस्तीची ती ठाकरांची वाडी. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न जण बेपत्ताच राहिले. वाडीला रस्ता नव्हता. यंत्रे वर चढेनात, पावसाने हेलिकॉप्टर उडेना, म्हणून माती हातांनी उपसावी लागली. मदतीसाठी रात्री वर निघालेल्या अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा चढणीवरच मृत्यू झाला.

त्या रात्री अंधारात, चिखलात, पावसात वाट दाखवीत जे पोहोचले, त्यांत खोपोली-पनवेल परिसरातील गिर्यारोहक होते. त्यांना वाट पाठ होती, कारण ते इर्शाळगडावर वारंवार जात आले होते. वाडीतल्या घरांत त्यांनी चहा घेतला होता, पडवीत पथारी टाकली होती. ज्याने एकदाच, धावत, गड ‘केला’ त्याला त्या रात्री ती वाट सापडली नसती.

माळीणची वार्ता बाहेर कशी आली, तेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. नित्याच्या फेरीवर आलेल्या एस.टी.च्या चालकाला समोर गावच दिसेना, तेव्हा त्याने कळविले. रोज येणारा माणूस होता म्हणून गाव नसल्याचे त्याला उमगले. जेथे एस.टी. जात नाही तेथे बाहेरून नेमाने येणारा कोण? तलाठी, आरोग्यसेविका, शिक्षक आणि सुट्टीच्या दिवशी येणारे हे युवक गट. इर्शाळवाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हते, हे दुर्घटनेनंतर विधिमंडळातच सांगण्यात आले. यादी कितीही काळजीपूर्वक केली तरी सह्याद्रीची प्रत्येक घळ तिच्यात मावणार नाही.

युवक गटांनी शंभर गडांचा संकल्प करण्याऐवजी एक गड धरावा आणि त्याच्याकडे वर्षातून चार-पाच वेळा, निरनिराळ्या ऋतूंत जावे. गट पंधरा जणांहून मोठा नसावा. सोबत वाडीतलाच वाटाड्या घ्यावा आणि त्याला मजुरी ठरवून द्यावी. बक्षिसी म्हणून नव्हे, त्याच्या ज्ञानाचे मोल म्हणून. ओढा कोणत्या पावसात किती वेळात चढतो, कोणत्या कपारीत आग्या माश्यांचे पोळे आहे, शेवाळलेल्या कातळावर पाय कोठे ठरतो, धुके उतरले की कोणती वाट फसविते, हे त्याच्याकडून शिकावे. पुस्तकात यातले फारच थोडे सापडते.

आणि वाडीचेही पाहावे. वरच्या उतारावर नवी भेग पडली आहे का, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले आहे का, जेथे कधी पाझर नव्हता तेथे पाणी फुटले आहे का, झाडे वा खांब कलले आहेत का? ही लक्षणे वाडीतल्या वृद्धांच्या नजरेला आधी पडतात. त्यासाठी शहरातल्या मुलांची वाट कोणी पाहत बसलेले नाही. अडते ते पुढे. तहसील कार्यालयात अर्ज कोणी लिहायचा, छायाचित्र कोणी जोडायचे, पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन विचारणा कोणी करायची? शिकलेल्या, दुचाकी बाळगणाऱ्या, लेखणी चालविणाऱ्या युवकांना हे अवघड नाही. फक्त ओळख हवी, आणि ती एका पिठले-भाकरीत होत नाही.

यावर आक्षेप येतील. एकच गड पुनःपुन्हा पाहण्यात तरुणांना काय गोडी, असे विचारले जाईल. ज्यांनी श्रावणातला राजगड पाहिला आणि वैशाखातला पाहिला नाही, त्यांनी अर्धाच गड पाहिला. पावसात झाकलेली जोती उन्हाळ्यात उघडी पडतात, टाक्यांची खोली तेव्हाच कळते, आणि त्या टाक्यांनी किती माणसे तगविली असतील याचा हिशोब कोरड्या घशानेच नीट होतो. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. बस भरभरून माणसे आणणाऱ्या व्यावसायिक सहलींमुळे वाड्यांत चार पैसे येतात, घरातला मुलगा मुंबईला न जाता गावात राहतो. हे खरे आहे, आणि शहरात बसून त्याला नाके मुरडणे शोभणारे नाही. मात्र त्याच गर्दीने २०२३ च्या पावसाळ्यात लोहगडाच्या पायऱ्यांवर पर्यटक तासन्‌तास अडकून पडले होते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यानंतर जमावबंदीचे आदेश निघाले आणि वाड्यांची चूल त्या शनिवार-रविवारी थंड राहिली. गर्दीवर पोसलेले उत्पन्न एका आदेशासरशी थांबते. वर्षभर येणारे पंधरा जण तुलनेने अल्प देतात, पण चैत्रातही देतात.

घरच्यांची काळजीही समजून घेतली पाहिजे. मुलीला पावसात गडावर पाठविताना आईचा जीव खालीवर होतो, त्यात गैर काय? ‘कोणाबरोबर जातेस’ या प्रश्नाला ‘ग्रुपबरोबर’ हे उत्तर पुरेसे नसते. गटप्रमुख कोण, खाली वाडीत कोणाच्या घरी निरोप ठेवला आहे, परतायला उशीर झाला तर ते घर कोणाला कळविणार, ही उत्तरे हवीत. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारखी बचाव पथके पदरमोड करून रात्री-अपरात्री दऱ्यांत उतरतात, त्यांचाही शोध बहुतेकदा पायथ्याच्या घरापासूनच सुरू होतो.

जुलै २०२५ मध्ये राजगड, रायगड, शिवनेरी, लोहगड, साल्हेर यांच्यासह बारा दुर्गांना युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. अभिमानाने ऊर भरून यावा अशी ही गोष्ट. त्याबरोबर गर्दी वाढणार हेही उघड आहे, आणि ती गुंजवण्यातून, पालीतून, लोहगडवाडीतूनच वर जाणार आहे. (जाताना पहाटे चार वाजता जयघोष करीत जाऊ नये, एवढे या निमित्ताने सुचवावेसे वाटते. तो महाद्वारात शोभतो; दिवसभर लावणी करून झोपलेल्या घरांच्या ओटीवर नाही.)

आषाढातली पहिली खेप वाट आणि माणसे ओळखण्यात जाईल. भाद्रपदात भातखाचरे हिरवीगार असतात. तेव्हा मुक्कामाला मुभा असेल तेथे वाडीत राहावे आणि रात्री वृद्धांना बोलते करावे. मार्गशीर्षात शाळेतल्या मुलांना घेऊन गड चढावा. पायथ्याच्या कित्येक मुलांना माचीवरच्या वास्तूंची नावे कोणी सांगितलेलीच नसतात. टाक्यांतील गाळ काढायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. तिचा अर्ज पौषातच केला, तर होळीनंतरच्या एखाद्या रविवारी हाती फावडे-घमेली घेता येतील.