प्रयोगशाळेचें कुलूप

सन २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यांत महाराष्ट्राच्या शालेय अभ्यासक्रमाच्या आराखड्यांतील एक सूचना वर्तमानपत्रांतून लोकांपुढें आली. दहावीच्या परीक्षेंत गणित आणि विज्ञान या विषयांस पस्तीस गुणांची जी मर्यादा आहे ती न गांठतां ज्याला निदान वीस गुण मिळतील, त्यालाही अकरावींत जाऊं द्यावें. मात्र पुढें या विषयांची वाट त्याला बंद आहे असा शेरा त्याच्या गुणपत्रिकेवर मारावा, अशी ती सूचना होती. सूचना करणारांचा हेतु वाईट होता असें आम्ही म्हणत नाहीं. दोन विषयांपायीं पुष्कळ मुलांचें शिक्षण दहावींतच खुंटतें, त्यांस दुसरी वाट मोकळी व्हावी, ही कळकळ तिच्यामागें असेल. पण ती अंमलांत येवो वा न येवो, ती सुचावी यांतच आमच्या इंग्रजी शाळांच्या दुखण्याची कबुली आहे. इंग्रजी शाळा हा शब्द आम्ही आमच्या आजोबांच्या अर्थानें, म्हणजे माध्यमिक शाळा या अर्थानें योजितों. मग तिचें माध्यम मराठी असो, इंग्रजी असो, किंवा हल्लींच्या रिवाजाप्रमाणें अर्धें हें व अर्धें तें असो.

ही कबुली कसली आहे हें वाचकांनीं क्षणभर थांबून पाहावें. मूल वर्षानुवर्षें शाळेंत विज्ञान शिकतें, आणि शेवटीं त्याला शंभरांत पस्तीस गुणही मिळत नाहींत. अशा वेळीं नापास कोण झालें? मूल कीं शाळा? शेरा मारावयाचाच तर तो कोणाच्या कपाळीं मारावयाचा? पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला ‘विज्ञान तुझ्यासाठीं नाहीं’ असें सरकारी शाईनें लिहून द्यावयाचें, आणि ज्यांनीं त्याला तें शिकविलें नाहीं त्यांच्या दप्तरीं एक ओळही लिहावयाची नाहीं, हा न्याय आम्हांस समजत नाहीं. शिवाय हा शेरा कोणाच्या वांट्यास येणार? ज्याचे वडील खाजगी वर्गाचे हजारों रुपये मोजूं शकतात त्याच्या वांट्यास तो येणार नाहीं. ज्याला शाळेवांचून दुसरा गुरु नाहीं त्याच्याच वांट्यास तो येणार. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, त्यांतलाच हा प्रकार.

यांत आणखी एक मौज आहे. दहावीच्या विज्ञानाच्या शंभर गुणांपैकीं ऐंशी लेखी परीक्षेचे आणि वीस प्रात्यक्षिकाचे असतात. आणि प्रात्यक्षिकाचे गुण शाळाच देते. म्हणजे ज्या वीस गुणांवर मुलाला पुढें ढकलावें असें सुचविलें गेलें, तितके गुण तर प्रयोगालाच ठेवलेले आहेत! मुलानें वर्षभर स्वतःच्या हातानें प्रयोग केले असते, तर लेखी परीक्षेंत त्याची इतकी दैना कां झाली असती? परंतु किती शाळांतून मुलें स्वतः प्रयोग करितात? शिक्षक टेबलाशीं उभे राहून एक प्रयोग दाखवितात, पन्नास-साठ मुलें माना उंच करून तो पाहतात, आणि मग प्रयोगवही एकमेकांची पाहून उतरून काढितात. निरीक्षण, अनुमान, निष्कर्ष, सारें काहीं अगोदरच लिहिलेलें! ज्या शास्त्राचा प्राण ‘पाहिल्यावांचून मानूं नये’ हा, त्याचा अभ्यास न पाहतां लिहिण्यानें व्हावा, याहून मोठी विटंबना ती कोणती?

आणि हें कोठें घडतें? पुण्यांत घडतें! राज्याचीं पाठ्यपुस्तकें तयार करणारी बालभारती १९६७ पासून याच शहरांत आहे. दहावीची परीक्षा घेणारें राज्य मंडळ १९६६ पासून येथेंच आहे. अभ्यासक्रम ठरविणारी परिषद सदाशिव पेठेंत कुमठेकर रस्त्यावर आहे. पाषाणच्या रस्त्यास राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, विद्यापीठाच्या आवारांत खगोलविद्येचें मोठें केंद्र आहे. पुस्तक येथलें, परीक्षा येथली, शास्त्रज्ञ येथले. आणि दोन कोसांवरच्या शाळेंत प्रयोगशाळेला कुलूप! दिव्याखालीं अंधार म्हणतात तो हाच.

याचें कारण विचारलें तर कोणी माध्यमाकडे बोट दाखवितात, कोणी पुस्तकाकडे, कोणी पैशाकडे. आमच्या मतें या साऱ्यांच्या आधीं बोट दाखवावें लागेल तें हेडमास्तरांच्या खुर्चीकडे. खुर्चीवरील व्यक्तीकडे नव्हे, खुर्चीकडे.

पूर्वींची गोष्ट पाहा. १ जानेवारी १८८० रोजीं विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व नामजोशी यांनीं न्यू इंग्लिश स्कूल काढलें. लवकरच वामन शिवराम आपटे तिचे सुपरिंटेंडेंट झाले आणि आगरकर येऊन मिळाले. त्या शाळेजवळ पैसा नव्हता, स्वतःची इमारत नव्हती. होता तो एक निश्चय, कीं शाळा म्हणजे शिकविणें. आपटे संस्कृतचे कोशकार. पण शाळेचा प्रमुख हा पहिल्यानें शिक्षक आणि मग अधिकारी, हें त्यांच्या पिढीस सांगावें लागत नव्हतें. भाषेची सबब तर त्याहूनही जुन्या माणसांनीं खोटी पाडली आहे. टिळकांचे गुरु केरो लक्ष्मण छत्रे यांनीं पदार्थविज्ञानावर मराठींत पुस्तक लिहिलें, आणि कोल्हापुरास बाळाजी प्रभाकर मोडक यांनीं रसायनशास्त्रासारखा विषय मराठींत आणिला. परिभाषा हातीं नसतां त्यांनीं जें केलें, तें आज परिभाषा तयार असतां आम्हांस अवघड कां वाटावें?

आजची खुर्ची कशी आहे? १९७७ च्या कायद्यानें व त्याखालील १९८१ च्या नियमांनीं असें ठरविलें आहे कीं, अल्पसंख्याकांच्या संस्था वगळल्यास, खाजगी शाळेचा मुख्याध्यापक म्हणून पात्र शिक्षकांतील सर्वांत ज्येष्ठ मनुष्य नेमावा. पदवी, शिक्षणशास्त्राची पदवी, पांच वर्षांचा अनुभव व समाधानकारक नोकरी, एवढें असलें कीं झालें. या गृहस्थाला शाळा चालवितां येते काय, दुसऱ्या शिक्षकाच्या वर्गांत बसून त्याला चार गोष्टी सांगतां येतात काय, हें विचारण्याची सोय नियमांत नाहीं. खुर्ची गुणानें मिळत नाहीं, वयानें पिकते. आणि पुष्कळदां ती अशा वेळीं पिकते कीं बसणाऱ्याला निवृत्तीस दोन-तीन वर्षेंच उरलेलीं असतात. नवें कांहीं आरंभावें तर तें पाहावयास स्वतः नसणार, हें त्याला पहिल्याच दिवशीं माहीत असतें.

बरें, ज्याच्या अंगीं गुण आहेत असा मनुष्य दैवयोगानें तेथें आलाच, तरी त्याला आम्ही काय करूं देतों? सकाळीं मध्यान्ह भोजनाचा हिशोब, दुपारीं संगणकावर मुलांची माहिती भरणें, सायंकाळीं शिष्यवृत्तीचे अर्ज, आणि मधून मधून निवडणुकीच्या कामाला माणसें पुरविणें. डिसेंबर २०२० च्या सरकारी निर्णयानें अनुदानित शाळांतील चतुर्थ श्रेणीच्या पदांच्या जागीं ठोक भत्ता आला. तेव्हां प्रयोगानंतर काचेचीं भांडीं धुवावयाचीं कोणीं, हाही प्रश्न त्याच्याच टेबलावर येऊन बसला. अशा मनुष्यानें प्रयोगशाळेची किल्ली खिशांत ठेवून दिली तर नवल नाहीं. कुलूप लावलेलें बरें. निदान नळ्या फुटत नाहींत आणि वरून विचारणा होत नाहीं.

यावर आक्षेप निघतील ते आम्हांस ठाऊक आहेत. ज्येष्ठतेचा नियम शिक्षकांच्या संरक्षणासाठीं आहे, तो गेला तर संस्थाचालकांचे भाचे-पुतणे खुर्चीवर बसतील, असें म्हणणारे खोटें बोलत नाहींत. तो कायदा होण्यापूर्वीं शिक्षकाची भाकर चालकांच्या मर्जीवर असे, हें विसरून चालणार नाहीं. पण नोकरीचें संरक्षण ही एक गोष्ट, नेतृत्वाची पात्रता ही दुसरी. ज्येष्ठांतील पांच पात्र शिक्षकांतून, चालकांच्या नव्हे तर बाहेरच्या जाणत्या मंडळापुढें, वर्गांत शिकवून दाखवून निवड व्हावी, असें केल्यास कोणाचीही भाकर जात नाहीं. जाते ती केवळ वाट पाहण्याची मिरासदारी.

दुसरा आक्षेप पैशाचा. त्याला उत्तर मध्यप्रदेशानें दिलें आहे. तेथें होशंगाबाद जिल्ह्यांत १९७२ सालीं सोळा शाळांतून प्रयोगावर आधारलेलें विज्ञानशिक्षण सुरू झालें. मुलें खेड्यांतील, साहित्य हलक्या किमतीचें, आणि परीक्षेला पुस्तक उघडून बसण्याची मुभा! पुण्याच्या मोटारींच्या कारखान्यांतील एक इंजिनिअर, अरविंद गुप्ता, १९७८ सालीं रजा घेऊन तेथें गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी व आगपेटीच्या काड्या यांतून भूमिति शिकवितां येते हें त्यांनीं दाखविलें. पुढें तेच गृहस्थ आमच्या विद्यापीठाच्या आवारांतील बालविज्ञानकेंद्रांत वर्षानुवर्षें टाकाऊ वस्तूंतून खेळणीं करीत बसले. होशंगाबादचा तो कार्यक्रम शेंकडों शाळांपर्यंत पसरला, आणि २००२ सालीं सरकारी हुकुमानें बंद पडला. त्यांतून घ्यावयाचा बोध एवढाच, कीं विज्ञान पैशावांचून अडत नाहीं, अधिकाऱ्याच्या इच्छेवांचून अडतें.

आणि आतां, वाचकहो, थोडें आपल्याविषयीं. शाळेच्या सभेंत आपण काय विचारतों? टक्के किती पडले, इंग्रजी कितवीपासून, वर्गांत पडदा आणि यंत्र बसविलें कीं नाहीं. ‘माझ्या मुलीनें या महिन्यांत स्वतःच्या हातानें कोणता प्रयोग केला?’ हा प्रश्न आपणांपैकीं कितीजणांनीं विचारला आहे? शाळेंत जें मिळत नाहीं तें संध्याकाळीं शिकवणीच्या वर्गांत विकत घेऊन आपण स्वस्थ होतों. पण तेथेंही मिळतात तीं उत्तरें, विज्ञान नव्हे. आणि आपण स्वस्थ झालों कीं शाळेकडे मागणी करणारा उरतो तो ज्याला मागतां येत नाहीं.

आमचें मागणें फार नाहीं. मुख्याध्यापकाची निवड शिकवून दाखविण्यावर व्हावी, आणि निवडलेल्याला निदान पांच वर्षें मिळावीं. त्याच्या टेबलावरील कारकुनी कारकुनाकडे जावी, आणि त्यानें रोज एक तास तरी स्वतः शिकवावें. आठवीपासून प्रत्येक मुलाच्या हातून आठवड्यास एक प्रयोग व्हावा. प्रात्यक्षिकाचे वीस गुण दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांनीं येऊन द्यावे. एवढें करून दहा वर्षें पाहावें. आणि त्यानंतरही मुलाला पस्तीस गुण मिळाले नाहींत, तर मग शेऱ्याचा विचार करूं. तोंवर शेरा मारण्याची शाई सरकारनें जपून ठेवावी, आणि किल्ली तेवढी बाहेर काढावी.