वाळलेली नाही, धायटी आहे!

मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा ४५ च्या आसपास जातो. तेव्हा होस्टेलमध्ये अंघोळीला पाणी मोजून, आणि समोरच्या लॉनवर पाइप चालू! माझं स्पष्ट मत आहे, तिथे धायटी लावा.

कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला गार्डन म्हणजे गुलाब एवढंच ठाऊक. पण यावल-पालकडच्या सातपुड्यात हे झुडूप कोणी न लावता वाढतं. हिवाळ्याअखेर बहुतेक पानं गळतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच फांद्या लाल फुलांनी भरतात. मधासाठी शिंजीर पक्षी येतात. हीच फुलं वाळवून आयुर्वेदात आसव-अरिष्टं आंबवायला वापरतात. (केमिकलवाल्यांनो, प्रोजेक्टला विषय घ्या!)

रोप पावसाळ्यात लावायचं, पहिली एक-दोन वर्षं पाणी द्यायचं, मग फारसं लागत नाही. खरा धोका आपलाच. जानेवारीत ती नुसती काड्यांची जुडी दिसते, आणि गॅदरिंगच्या साफसफाईत काड्या दिसल्या की कोयता चालतो. फुलं जुन्या फांद्यांवर येतात, म्हणजे त्या वर्षीचा बहार गेलाच. छाटायचीच तर फुलं संपल्यावर छाटा. माळीकाकांना हे कळतं, पण ऑर्डर वरून सुटते. या वेळी कमिटीने आधी त्यांना विचारावं.