एका पदवीधराचा पराक्रम आणि त्याचा न मांडलेला हिशेब

संगणकशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणापुढे हल्ली एक कथा पुराणकथेसारखी ठेवली जाते. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या टॅकोमा शाखेतून एरिक बॅरोन हा तरुण २०११ साली संगणकशास्त्राचा पदवीधर झाला. नोकरी मिळेना. प्रोग्रॅमिंगवर हात बसावा म्हणून त्याने सी-शार्प या संगणकभाषेत शेतीजीवनावरचा एक खेळ रचावयास घेतला आणि साडेचार वर्षे तो एकटाच त्यात बुडून गेला. प्रोग्रॅम त्याचा, चित्रे त्याची, संगीत त्याचे, पात्रांच्या तोंडचे संवादही त्याचेच. २६ फेब्रुवारी २०१६ रोजी ‘स्टारड्यू व्हॅली’ बाजारात आला. २०२४ च्या अखेरीस त्याच्या खपलेल्या प्रतींचा आकडा ४ कोटींच्या पलीकडे गेला होता.

कथा मोहक आहे, आणि खरीही आहे. बॅरोनच्या प्रतिभेविषयी वा चिकाटीविषयी शंका घेण्याचे कोणाला कारण नाही. शंका घ्यावयाची ती या कथेतून काढल्या जाणाऱ्या बोधाविषयी. नोकरी नाही म्हणून तक्रार कसली करता? घरी बसा, काहीतरी निर्माण करा, गुण असेल तर जग तुमच्या दाराशी येईल! बेकारीला व्यक्तीचा आळस ठरविण्याची ही जुनीच युक्ती आहे. फक्त तिला आता संगणकाचा पडदा लाभला आहे.

साडेचार वर्षे घरभाडे कोणी भरले, हा साधा प्रश्न या कथेच्या निरूपणकारांना सुचत नाही. त्याचे उत्तर काही गुप्त नाही. बॅरोन सिअ‍ॅटलच्या पॅरामाउंट थिएटरमध्ये प्रेक्षकांना जागा दाखविणाऱ्या डोअरकीपरचे अर्धवेळ काम करीत होता, आणि घराचा मुख्य भार त्याच्या सहचारिणीच्या मिळकतीवर चालत होता. म्हणजे ज्याला ‘एकट्याचा पराक्रम’ म्हटले जाते त्यात दुसऱ्या एका व्यक्तीचे वर्षानुवर्षांचे श्रम मिसळलेले आहेत. ते श्रीमंतांनी गुंतविले असते तर त्यास भांडवल म्हटले गेले असते व त्यावर हिस्सा मागितला गेला असता. एका स्त्रीने घर चालविले म्हणून त्यास प्रेम म्हणून मोकळे व्हायचे! आणि ज्याच्या घरी असे कोणी नाही, उलट ज्याच्या पहिल्या पगाराकडे आईवडील व धाकटी भावंडे डोळे लावून बसली आहेत, त्या पदवीधराने काय करावे?

हत्यारांचीही गोष्ट तशीच. खेळ ज्या एक्सएनए या साधनसंचावर उभा राहिला तो मायक्रोसॉफ्टचा होता आणि बॅरोनचे काम अर्ध्यावर असतानाच कंपनीने त्याचा विकास थांबविला. पुढे खेळ ज्या मोनोगेमवर नेण्यात आला, ती कोणा मालकाची मिरास नव्हे. जगभरच्या प्रोग्रॅमरांनी मिळून उभे केलेले आणि सर्वांस खुले ठेवलेले ते सामाईक साधन आहे. कंपनीने टाकून दिलेले काम सहकाराने तगविले, हा तपशील यशोगाथेत क्वचितच येतो.

मग येतो बाजार. संगणकावरच्या खेळांच्या विक्रीवर व्हॉल्व्ह या खाजगी कंपनीच्या ‘स्टीम’ या दुकानाचे जवळजवळ मक्तेदारीसारखे वर्चस्व आहे. तेथे विक्रीतील ३० टक्के हिस्सा दुकानाचा. जुन्या सरंजामदारांचे जकातनाके निदान वाटेच्या डागडुजीचे सोंग तरी आणीत. २०१८ च्या अखेरीस व्हॉल्व्हने दर कमी केले, पण कोणासाठी? ज्या खेळाची कमाई १ कोटी डॉलरांवर जाईल त्याच्या पुढील विक्रीवर २५ टक्के, ५ कोटींवर गेल्यास २० टक्के. म्हणजे धनवंताला सूट आणि दोनशे प्रती विकणाऱ्या पदवीधरास पुरती जकात. करपद्धती अशी उलटी मांडण्याचे धाडस सरकारेही सहसा करीत नाहीत! २०२४ या एका वर्षात या दुकानात १८,००० हून अधिक नवे खेळ आले. त्यांतील बहुसंख्यांच्या कर्त्यांची नावे कोणतीही यशोगाथा घेणार नाही.

असे म्हणतील की, हौशीने केलेले खेळ हे कौशल्याचे प्रमाणपत्र असते. त्यावर नोकरी मिळते. पूर्वी नवख्या कामगाराला उमेदवारीच्या काळात तुटपुंजे का होईना, विद्यावेतन मिळे. आता उमेदवारी स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या रात्री जाळून करावयाची आणि तिचा नमुना घेऊन मालकाच्या दारात उभे राहावयाचे. वेठ हा शब्द यास कठोर वाटत असेल तर दुसरा सुचवावा. आणि त्या दारामागे तरी काय आहे? मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये सुमारे ६९ अब्ज डॉलर मोजून अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही कंपनी गिळली आणि जानेवारी २०२४ मध्ये खेळविभागातील १,९०० जणांना घरी पाठविले. कौशल्य त्यांच्यापाशीही होतेच.

या धंद्यातील माणसे एकत्र आली की काय होते, याचाही दाखला ताजा आहे. युनिटी हे खेळ बांधण्याचे साधन पुरविणाऱ्या कंपनीने १२ सप्टेंबर २०२३ रोजी जाहीर केले की, ठरावीक मर्यादेनंतर खेळ जितक्या वेळा नव्याने बसविला जाईल तितक्या वेळा कर्त्याने पैसे भरावेत. जगभरच्या लहानमोठ्या निर्मात्यांनी उघड निषेध केला, काहींनी कंपनीच्या जाहिराती बंद पाडल्या. दहा दिवसांत कंपनीस अटी सौम्य कराव्या लागल्या, पुढच्या महिन्यात तिचे प्रमुख पायउतार झाले आणि २०२४ मध्ये हे शुल्क रद्द झाले. एकटा बॅरोन कितीही प्रतिभावान असता तरी त्याच्याने हे झाले नसते.

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा चमूने ‘राजी’ हा खेळ २०२० साली जगापुढे आणला. त्याआधी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी जमविण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. नाटकाला अनुदान असते, मराठी चित्रपटाला असते; फ्रान्समध्ये चित्रपटास साहाय्य करणारी सीएनसी ही सार्वजनिक संस्था खेळांच्या निर्मात्यांनाही निधी देते. मग महाराष्ट्रातील पदवीधराने हाच हक्क सरकारपाशी का मागू नये? वर्ष-दीड वर्षाचे निर्वाहवेतन, सार्वजनिक पैशाने चालणारी सामाईक साधने, दुकानदारांच्या जकातीवर कायद्याची मर्यादा आणि प्रोग्रॅमरांना संघटनेचा निर्वेध अधिकार, या मागण्यांत अव्यवहार्य असे काय आहे?

गंमत अशी की, खुद्द ‘स्टारड्यू व्हॅली’चा नायक ‘जोजा’ नावाच्या महाकंपनीच्या कचेरीतील जखडलेली नोकरी सोडून आजोबांच्या शेतावर येतो. गावात जोजाचे दुकान आहेच, आणि पडझड झालेले समाजमंदिरही आहे. कंपनीचे सभासदत्व घेतले तर त्या वास्तूचे गोदाम होते. नाहीतर गावच्या रानातले, शेतातले, नदीतले जिन्नस एकेक करून आणून ती पुन्हा उभी करता येते. लाखो खेळाडू हे दुसरे काम आनंदाने करतात. यशोगाथा सांगणाऱ्यांनी हा खेळ एकदा खेळून पाहिला आहे काय?