रायबोसोम किती?

पाठ्यपुस्तकातील पेशीच्या आकृतीत रायबोसोम म्हणजे चार ठिपके. खाली लिहिलेले असते, 'प्रथिनांचा कारखाना'. नाव दिले, गुण मिळाले! मी पदार्थविज्ञान शिकवतो. मला पहिला प्रश्न पडतो 'किती?' हा. जोमाने वाढणारी यीस्टची एक पेशी मिनिटाला सुमारे 2000 रायबोसोम बनवते. आपल्या पेशीतील एका रायबोसोमला आरएनएचे 4 रेणू आणि सुमारे 80 प्रथिने लागतात. इतका खर्चिक कारखाना गरजेपेक्षा जास्त कोण बांधील?

स्नायूचेच पाहा ना. स्नायू घडवणाऱ्या कोवळ्या पेशी आधी भराभर विभागतात. मग विभाजन थांबवून एकमेकींत मिसळतात आणि लांब तंतू तयार होतो. नेमक्या याच वळणावर रायबोसोमची निर्मिती मंदावते. उंदराच्या अशा पेशींवरील 1987 च्या अभ्यासांत दिसले, की रायबोसोमच्या आरएनएचे उत्पादन तर घटतेच, शिवाय त्याच्या प्रथिनांचे संदेशही पूर्वीइतके वाचले जात नाहीत. म्हणजे ब्रेक एक नव्हे, दोन! तंतूला प्रथिने तर हवीच असतात. पण रायबोसोम टिकाऊ असतो, आधीचे कामी येतात. पुढे वजने उचलून व्यायाम केला, की स्नायूत ही निर्मिती पुन्हा वाढते.

रायबोसोमच्या रचनेसाठी 2009 चे रसायनशास्त्राचे नोबेल तिघांना मिळाले. त्यांपैकी वेंकटरामन रामकृष्णन यांची पीएच.डी. पदार्थविज्ञानातली! तेव्हा जीवशास्त्राच्या तासाला 'किती? केव्हा? थांबवते कोण?' असे विचारणाऱ्या मुलाला, 'हे परीक्षेला नाही, खाली बस' असे शिक्षकांनी कृपया म्हणू नये.